माजिवडा–वडपे रुंदीकरण : आग्रा रोड पुन्हा सरकला, साकेत पुलाचं काय?

खारेगावकर

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडवर इथे इतके धागे आहेत की आता त्यांनाच सर्व्हिस रोड लागेल. पण ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे माजिवडा ते वडपे या पट्ट्यावर, सलग चर्चा कुठे सापडली नाही. म्हणून हा धागा.

ज्यांचा या बाजूला फारसा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जवळपास २४ किमीचा पट्टा. चार पदरांचे आठ पदर व्हायचे आहेत, शिवाय दोन्ही अंगांना दोन-दोन पदरी सर्व्हिस रोड. काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, आणि आमणे म्हणजे वडप्याच्या जवळच. थोडक्यात, नागपूरहून ७०१ किमी सुसाट आलेली गाडी शेवटी आमच्या दारात येऊन उभी राहते.

माझा मुद्दा पदरांच्या संख्येचा नाही, जागेचा आहे. हा मूळचा मुंबई–आग्रा रस्ता आमच्या भागात तीन ठिकाणी सरकलेला आहे. पूर्वी तो मुलुंडहून तीन हात नाका, वंदना, कॅसल मिल, माजिवडा, कापूरबावडी, बाळकुम असा येऊन कशेळीच्या पुलावरून काल्हेर, अंजूरफाटा करत थेट भिवंडी शहरात शिरायचा. ठाण्यातली गर्दी चुकवायला पूर्व द्रुतगती महामार्ग आला. भिवंडी चुकवायला माजिवडा–साकेत–खारेगाव–माणकोली–रांजनोली–वडपे हा बायपास आला. आता कसारा घाट चुकवायला समृद्धी आला, इगतपुरीचा पावणेआठ किमीचा बोगदा घेऊन. दर वेळी रस्ता वस्तीबाहेर काढला, दर वेळी वस्ती त्याच्या मागे धावली.

बायपास झाल्यापासून सरकली नाही ती फक्त खाडी ओलांडायची जागा. साकेत पूल आणि पुढचा खारेगावचा खाडीपूल. आम्ही खारेगाव–पारसिकनगरवाले दूध आणायला नाही, पण नोकरीला, दवाखान्याला, पोरांच्या कॉलेजला त्याच पुलावरून ठाण्यात येतो, ज्या पुलावरून नाशिक, धुळे, इंदूरचे ट्रक जातात. आठ पदर झाल्यावर हे सुटणार आहे की नुसतं रुंद होणार आहे? जाणकारांनी सांगावं.

चरईतला_म्हातारा

धागा उत्तम. वयाच्या अधिकाराने थोडी भर घालतो.

जुना आग्रा रोड ठाण्यातून जात होता तेव्हा फार बरं होतं असं सांगणारे लोक भेटतात. त्यांनी तो पाहिलेला नाही. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. तिथले कामगार सायकलींवर सुटायचे त्याच वेळी नाशिककडचे कांद्याचे ट्रक कॅसल मिलच्या नाक्यावर यायचे. रात्री ट्रकचे हॉर्न ऐकत झोपायची सवय होती, आणि संपाच्या रात्री ते बंद असले की झोप लागायची नाही. रस्ता बाहेर गेला हे चांगलंच झालं. तक्रार एवढीच की बाहेर नेलेल्या रस्त्याच्या कडेला इमारती बांधायची परवानगी पुन्हा आपणच देतो.

अवांतर : तो आमचा ‘तीन नंबर’ होता. मुंबई ते आग्रा, साधारण ११६० किमी, ग्वाल्हेर–शिवपुरी–इंदूर–धुळे करत. नंतर नंबर बदलले. आता राष्ट्रीय महामार्ग ३ म्हणजे अटारीहून लेहला जाणारा रस्ता. आपल्या वाट्याला १६० आणि ८४८ आले. जुन्या ड्रायव्हर लोकांना हे अजून पटलेलं नाही.

पदरमोड

रस्त्यांच्या कामात आहे, या प्रकल्पात नाही. तरी सांगतो.

लोक पदर मोजतात, आम्ही वाहनं मोजतो, आणि तीही सरळ मोजत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेत (आयआरसी ६४) मोटारगाडी म्हणजे १, दुचाकी ०.५, ट्रक किंवा बस ३, आणि ट्रेलर ४.५ असे भार धरलेले आहेत. बैलगाडीला चक्क ८. म्हणजे जेएनपीटी बंदरातून आलेला एक कंटेनर ट्रेलर साकेत पुलावर साडेचार मोटारींची जागा खातो, आणि तीही सपाटीवर. चढावर, किंवा थांबून पुन्हा निघताना, त्याहून जास्त.

आता साकेतला काय होतं ते बघा. माजिवड्याच्या उड्डाणपुलावरून उतरणारी मुंबईची वाहनं. कापूरबावडी–बाळकुमकडून वळणारी घोडबंदरची वाहनं. राबोडी–साकेतकडून चढणारी ठाणे शहराची वाहनं. हे तीन ओघ थोड्याशा अंतरात एकमेकांत घुसतात. पूल ओलांडून श्वास घेतो न घेतो तोच खारेगावला मुंब्रा बायपासचा ओघ येऊन मिळतो. डावीकडून चढलेल्याला उजवीकडे जायचं असतं, उजवीकडच्याला खारेगावला उतरायचं असतं. कोंडी पदर कमी असल्याने जेवढी होते त्याहून जास्त या कापाकापीने होते. आठ पदर केले तर कापाकापीचं अंतर उलट वाढतं, कारण आता एकाऐवजी तीन पदर ओलांडायचे.

त्यामुळे खारेगावकरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर : पूल रुंद करणं गरजेचं आहेच, पण चढ-उतार वेगळे केले नाहीत तर फरक फक्त गर्दीच्या वेळेबाहेर दिसेल.

गोदाकाठी

नाशिककर बोलतेय. समृद्धीने आमचा कसारा घाट सुटला. पावसाळ्यात धुक्यात कंटेनरच्या मागे मागे घाट चढायची धास्ती गेली, यासाठी टोल द्यायला माझी हरकत नाही. पण मुलगी मुलुंडला राहते, तिला फोन करताना मी आता “आमण्याला पोचले” असं सांगत नाही. आमण्यापासून मुलुंडपर्यंत किती वेळ लागेल ते देवालाही सांगता येत नाही.

आणि जे अजून जुन्याच रस्त्याने येतात त्यांना आसनगावच्या रेल्वे पुलापाशी वेगळा प्रसाद मिळतो.

भिवंडी_ट्रान्स्पोर्ट

ट्रकवाल्यांवर घसरायला सुरुवात झालीच आहे, म्हणून आमची बाजू.

काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, येवई, सगळीकडे गोडाऊन आहेत. तुम्ही मोबाईलवर बोट दाबता ती वस्तू बहुतेक वेळा इथूनच निघते. माल बंदरातून मुंब्रा बायपासने येतो. ठाण्यात अवजड गाडीला वेळ ठरलेली : दुपारी १२ ते ४, आणि रात्री १० नंतर. मधल्या वेळी गाडी कुठे उभी करायची? ट्रक टर्मिनस नाही. म्हणून खारेगावच्या पुढे, शिळफाट्याला, कडेला रांग. मग दुपारी १२ वाजता सगळ्या एकदम सुटतात आणि तुम्ही म्हणता, बघा दुपारीसुद्धा जॅम.

२०१८ च्या मे ते सप्टेंबर मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद होता. ज्यांना वाटतं ट्रक ‘दुसरीकडून’ जावेत त्यांनी ते चार महिने आठवावेत. दुसरीकडे म्हणजे ऐरोली, कळवा, तुमच्याच गल्ल्या.

गुजरातला जाणारा माल तर ठाण्यात यायचं काही कारणच नाही. चिंचोटी–अंजूरफाटा रस्ता धड असता तर निम्म्या गाड्या घोडबंदरला वळल्या नसत्या. तो रस्ता एकदा मोटारसायकलने जाऊन बघा, गाडी नको, कणा मोडेल.

कासारवडवलीची_खिडकी

घोडबंदरवाल्यांनी इथे तोंड उघडलं तर धागा हायजॅक होईल, तरी एक.

आमच्याकडे सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम काढलं. कागदावर पदर वाढले. प्रत्यक्षात सोसायटीच्या गेटमधून गाडी काढली की थेट महामार्गावर. आजूबाजूच्या शाळांच्या बस आता तिथेच उभ्या राहतात. सर्व्हिस रोड म्हणजे वाया गेलेली जागा असं ज्याला वाटतं, तो बहुधा चालत कुठे जात नसावा. तुमच्या २४ किमीला निदान वेगळे सर्व्हिस रोड आराखड्यात आहेत, ते हातचे जाऊ देऊ नका.

दुसरं, बाळकुम–गायमुख खाडीकिनारा मार्ग. तेरा-साडेतेरा किमी. आमच्यासाठी घोडबंदरला पर्याय म्हणून छान. पण तो बाळकुम–खारेगावच्या तोंडाशीच येऊन सुटणार ना?

पदरमोड

@कासारवडवलीची_खिडकी, नेमकं बोललात. यादीच करतो : पूर्व मुक्त मार्ग घाटकोपरच्या छेडानगरहून आनंदनगरपर्यंत येतोय. तिथून आनंदनगर–साकेत उन्नत मार्ग, सव्वाआठ किमी. गायमुखकडून खाडीकिनारा मार्ग. पलीकडून समृद्धी. सगळ्या बाटल्यांची तोंडं एकाच बादलीत.

प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल स्वतंत्रपणे वाचला तर प्रत्येकाचं गणित बरोबर आहे. दिशेनुसार विचार करा : मुंबई–नाशिक सरळ जाणाऱ्याला हे सगळं उपयोगी. ज्याला खाडीच्या या काठाहून त्या काठाला फक्त जायचंय, त्याचा विचार वेगळ्या फाईलमध्ये आहे.

कोपरी पुलाचं उदाहरण ताजं आहे. २०२३ ला आठ पदरी झाला. कोपरीची रांग संपली, हे खरंच. मी रोज तिथून जातो, फरक पडलाय. पण रांग विरघळली नाही, पुढे सरकली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा आणखी थोडी पुढे सरकली.

आगरी_बाणा

सगले शिकले-सवरले लोक बोलतात, आता गाववाल्याचा आयका.

आमचा गाव बायपासला लागून. पयला बायपासला बापाची जमीन गेली, मंग उरली ती रुंदीकरनात. पैसं भेटलं, नाय म्हनत नाय. पन गाव हिकडं आनि स्मशान, शेत, पलीकडं. पूर्वी मदी कट होता. आता दुभाजक. ट्रॅक्टर घेऊन शेतावं जायचा तर माणकोलीला जाऊन वलायचा आनि परत यायचा. मयत न्यायची तरी त्योच वळसा. भुयारी मार्ग देतो बोलले, दिला पन. पावसाल्यात त्याच्यान कमरेएवढा पानी. पोरं पवायला जातात.

रस्ता नको असा कोन बोलत नाय. आमची पोरंपन त्याच रस्त्याला कामाला जातात. पन आम्हाला इचारला नाय, तुमी जाता कुठून नि येता कुठून.

पदरमोड

दादा, हा दोष प्रकल्पात नेहमीचा आहे. भुयारी मार्गाची जागा गावाच्या वाटेवर न ठरता जिथे भराव उंच आहे तिथे ठरते, कारण तिथे खोदावं लागत नाही. आणि खाडीकाठच्या सखल जमिनीत भरतीच्या वेळी पाणी जायला उतारच नसतो. पंप बसवल्याशिवाय असे मार्ग कोरडे राहत नाहीत, आणि पंपाला वीजबिल भरणारा कोणीतरी लागतो. कंत्राट संपलं की तो ‘कोणीतरी’ सापडत नाही.

आगरी_बाणा

मंग आमी भरू बिल, पंप तर द्या.

रोजची_वारी

मी ठाण्याहून भिवंडीला शाळेत शिकवायला जाते, म्हणजे ज्याला तुम्ही सगळे ‘जुना’ रस्ता म्हणताय तोच माझा रोजचा रस्ता. कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा. त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितेय.

महामार्ग इथून गेला, पण माणसं गेली नाहीत. या रस्त्याला आता ना महामार्गाचा पैसा, ना शहरातल्या रस्त्याची निगा. वरून मेट्रो ५ चे खांब, खाली बॅरिकेड, उरलेल्या पट्टीतून टेम्पो, बस, रिक्षा. कशेळीच्या पुलावर गाडी थांबली की रिक्षावाला इंजिन बंद करून टाकतो. माझ्याबरोबर रोज दोन बायका असतात, काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाणाऱ्या. त्या पिशवीतून वालाच्या शेंगा काढतात आणि मांडीवर रुमाल पसरून सोलायला बसतात. पूल ओलांडेपर्यंत रात्रीच्या भाजीपुरत्या सोलून होतात. टरफलं पिशवीत परत जातात, खाडीत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मोटारींमधून खाडीत काय काय पडतं ते मी त्याच जागेवरून बघते.

आठ पदर वगैरे ठीक आहे. कशेळी पुलावर चालायला धड पदपथ द्या. गाडी अडली तर उतरून चालत जायची सोय असावी इतकंच.

चरईतला_म्हातारा

@रोजची_वारी, ताई, हे या धाग्यातलं सगळ्यात खरं लिहिलंत.

भिवंडी_ट्रान्स्पोर्ट

+१. आमच्या गोडाऊनच्या बायकापण त्याच रिक्षांनी येतात. सकाळी पाऊण तास उशीर झाला की सुपरवायझर अर्धा दिवस कापतो. आमच्याकडे कापत नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर इथेच माझी हजेरी घ्याल.

खारेगावकर

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद अपेक्षेपेक्षा सरस आले.

पदरमोड, तुमचं ‘या काठाहून त्या काठाला’ हेच मला म्हणायचं होतं. कोलशेत–काल्हेर, कासारवडवली–खारबाव, गायमुख–पायगाव असे तीन खाडीपूल एमएमआरडीएच्या आराखड्यात आहेत. हे स्थानिकांचे पूल. काल्हेरच्या बायकांना, भिवंडीच्या बाईंना, घोडबंदरवाल्यांना त्यांचा उपयोग साकेतच्या रुंदीकरणापेक्षा जास्त. मग क्रम उलटा का? आधी सरळ जाणाऱ्यांसाठी उन्नत मार्ग, मग स्थानिकांसाठी पूल. पूल आधी झाले असते तर साकेतवरचा भार आपोआप उतरला असता आणि महामार्गाचं काम करायलाही मोकळी जागा मिळाली असती.

पदरमोड

पूर्ण सहमत नाही. कोलशेत–काल्हेर झाला तरी खारेगावकरांना त्याचा काडीचा उपयोग नाही, तुम्ही खाडीच्या तिसऱ्याच कोपऱ्यात आहात. तुमच्यासाठी कळव्याचा तिसरा पूल २०२२ ला झाला की.

आणि क्रम उलटा आहे त्याचं कारण पैशाचं आहे. सरळ जाणाऱ्याकडून टोल मिळतो, निदान मिळेल असं गृहीत धरून कर्ज मिळतं. कोलशेतहून काल्हेरला जाणाऱ्या स्कूटरवर कर्ज कोण देणार?

खारेगावकर

कळव्याच्या पुलाने वागळेला जायचं म्हणजे कोर्ट नाका आणि पुढचं सगळं शहर ओलांडायचं. साकेतची अर्ध्या तासाची कोंडी सोडून तिथली पाऊण तासाची घ्यायची. ठाणे शहर चुकवायलाच बायपास काढला होता ना?

टोलचं पटतं. पण मग ज्या पुलावर २०१७ पर्यंत खारेगावला टोल भरला, त्याच्यावर आमचा काही हक्क लागतो की नाही?

गोदाकाठी

हक्क सगळ्यांचा लागतो, जागा कोणालाच मिळत नाही. :)

ट्रान्स्पोर्टवाले दादा, तो वडोदरा–मुंबई द्रुतगती महामार्ग झाल्यावर ट्रक कमी होतील असं ऐकलं. खरं का?

भिवंडी_ट्रान्स्पोर्ट

बंदर ते गुजरात जाणारे होतील. तो भिवंडीच्या पूर्वेकडून, बदलापूरजवळ चार किमीच्या बोगद्यातून पनवेलकडे उतरतो, म्हणजे त्या गाड्या ठाण्यात येणारच नाहीत. पण भिवंडीच्या गोडाऊनचा माल मुंबईत जायला साकेतवरूनच जाणार. माल खाणारे मुंबईत आहेत, दुसरं काय.

अजून एक. रात्रीचं काम नीट प्रकाशात करा, एवढं तरी ठेकेदाराला सांगायला हवं. पिंपळासच्या अलीकडे मध्यंतरी डायव्हर्जनचा फलक ज्या वळणावर लावला होता तो दिसेपर्यंत वळण येऊन जायचं. आमचा एक ड्रायव्हर थेट मुरुमाच्या ढिगावर चढला. त्याला लागलं नाही, पण ट्रकचा पुढचा एक्सल गेला. भरपाईचं पत्र दिलं, उत्तर नाही.

नवा_सभासद_मुलुंड

सगळा धागा वाचला. एक साधा प्रश्न. शनिवारी पहाटे आईला घेऊन नाशिकला जायचंय, मुलुंड पूर्वेहून. समृद्धीने जायचं आहे. साकेत टाळता येईल का?

पदरमोड

ऐरोली–मुंब्रा बायपास करून साकेत टळेल, पण खारेगावला त्याच रस्त्यात येऊन मिळाल. शिवाय पहाटे बायपासवर ट्रेलर जास्त. त्यापेक्षा साडेपाचच्या आत माजिवडा ओलांडा.

भिवंडी_ट्रान्स्पोर्ट

साडेपाच उशीर. रात्री सुटलेल्या गाड्या सकाळची बंदी लागायच्या आत ठाण्यातून बाहेर पडायला बघतात, पाचच्या सुमारास सगळे घाईत असतात. साडेचारला निघा. डिझेल-पेट्रोल आधीच भरून ठेवा आणि आमण्याचा फाटा चुकवू नका, फलकाआधीच डावी धरा. चुकलात तर पडघ्याला जाऊन वळावं लागेल.

रोजची_वारी

आणि आईंसाठी पाणी, उशी बरोबर ठेवा.